सुपाआडच्या कवड्या

पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात अमृत पुण्याच्या होस्टेलातून सुट्टीला मावशीकडं आला, तेव्हा त्याच्या पिशवीत दोन चमत्कारिक वस्तू होत्या. एक होती कुठल्याशा परदेशी पुस्तकाची झेरॉक्स, काळी पडलेली, मधली चार पानं उलटी लागलेली. दुसरा होता वीस तोंडांचा फासा. हिरवा, बोरापेक्षा थोडा मोठा, प्रत्येक तोंडावर आकडा.

त्याची मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या लंकाकाकू. त्यांनी फासा उजेडात धरून फिरवला.

"आगंबया! रावनाला दहा अन् ह्याला वीस? कशाला आनला घरात?"

"खेळायला, मावशी."

"फासे घरात आले की पुढं काय हुतं ते दर साली ऐकतो आमी. वनवास!"

मी तेव्हा नगरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, परीक्षा देऊन घरी आलेली. आमचं गाव नेवाशाच्या पुढं, प्रवरेच्या काठाला. मे महिन्यातल्या दुपारी कुरडयांवरचे कावळे हाकलण्यापलीकडं काही काम नसे. अमृतनं "खेळणार का?" विचारलं, आणि मी कुरडया देवाच्या हवाली करून काकूंच्या ओसरीवर जाऊन बसले. हायस्कूलात गणित शिकवणारे प्रशांत सर सायकलवरून चालले होते, त्यांनाही अमृतनं हाक मारून बसवलं. सर आमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे.

"पट कुठंय?" सरांनी विचारलं.

"पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा प्रसंग उभा करतो नि विचारतो, आता काय करता? आपण सांगायचं, मी हे करतो. सोपं असलं तर झालं म्हणायचं. अवघड असलं तर फासा टाकायचा. पडेल तसं पुढं सांगायचं. नि परत विचारायचं, आता काय करता?"

"जिंकतं कोण?"

"कुणीच नाही."

"मग थांबायचं कधी?"

अमृतनं झेरॉक्स चाळली. "असं काही दिलेलं नाही."

काकू शेंगा निवडत बसल्या होत्या. "मला बी घ्या," त्या म्हणाल्या. "हात रिकामेच हायेत."

अमृतनं घसा खाकरून सुरुवात केली. "तुम्ही एका अंधाऱ्या गुहेत आहात. समोर दोन दरवाजे आहेत. डावीकडं ड्रॅगन आहे."

"ते काय असतं?"

"मोठी सुसर, मावशी. पंख असलेली."

"सुसरीला पंख? तिला पान्यात काय कमी पडलं?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून, भिंतीकडं तोंड करून झोपलेल्या माणसाचा आवाज आला, "गुहेला दरवाजे कुनी बसवले रे?"

तो आवाज तात्यांचा होता. काकूंचे यजमान, रंभाजीतात्या.

तात्यांची ओळख आमच्या भागात दोन गोष्टींसाठी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी तीस वर्षं काढली, आणि ऊस घालणारा कितीही मोठा असो, त्याच्या गाडीचं वजन किलोनंही इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. दुसरं म्हणजे त्यांचं कीर्तन. मी कीर्तनाला लहानपणापासून पहिल्या ओळीत बसणारी, पण तात्या चरित्र सांगायला लागले की मांडी कधी बधिर झाली ते कळायचं नाही. भक्त संकटात सापडला की ते एकदम गप्प व्हायचे. नुसता मृदंग हळूहळू वाजत राहायचा. मग दोन्ही हात वर करून म्हणायचे, "आणि देव धावला!" म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहायची.

तो मृदंग आसारामभाऊंचा. बावीस वर्षं दोघांची जोडी. त्र्याण्णव सालच्या माघात पलीकडच्या गावी सप्ताह होता आणि काल्याचं कीर्तन तात्यांचं होतं. आसारामभाऊंची त्या दिवशी पाटपाण्याची पाळी होती, ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी भिजवून येतोच. तात्या टेम्पोनं गेले. वेळ झाली तसे दुसऱ्याच्या मृदंगावर उभे राहिले. ऐन दुपारी ते तिथं "देव धावला" म्हणत होते, त्याच सुमाराला आसारामभाऊ रस्त्याच्या कडेला, छातीवर हात ठेवून, एकटेच गेले.

त्यानंतर तात्या कीर्तनाला उभे राहिले नाहीत. विचारायला गेलेल्याला सांगायचे, घसा धरलाय. त्याच घशानं ते रोज सकाळी म्हशीला हाक मारायचे, ती वेशीपर्यंत ऐकू यायची. गावानं कधी तोंडावर म्हटलं नाही. पण काकू एकदा माझ्या आईजवळ म्हणाल्या होत्या, "मानूस घरात हाय, अन् घर रिकामं हाय."

तर गुहेच्या दरवाजांवरून सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तात्या उठून बसले. "गुहेत शिरल्यावर आधी वास येतो. वटवाघळांचा. ते सांगशील का दरवाजे मोजशील?" तिसऱ्या दिवशी ओसरीवर आले, अमृतच्या हातातली झेरॉक्स त्यांनी दुमडून खांबाला टेकवली आणि म्हणाले, "सरक."

सुसर गेली, गुहा गेली. तात्यांनी दुष्काळ लावला. तीन वर्षं पाऊस नाही. डोंगरावरच्या एका वाडीत पेरायला दाणा उरलेला नाही, आणि आम्ही चौघांनी खालच्या मुलखातून ज्वारीचं बियाणं तिथवर पोचवायचं. प्रशांत सर वैद्य झाले. अमृत तिरंदाज झाला. त्याला तिरंदाजच व्हायचं होतं, बाण मारायला काही समोर असो वा नसो. मी पाखरांची बोली जाणणारी बाई झाले. आणि लंकाकाकू म्हणाल्या, "मी काळू दरवडेखोर."

"अगं, दरवडेखोर?" तात्या म्हणाले.

"जन्मभर बाईमानूस हायच की मी. खेळात तरी गडी हु द्या. अन् खानारा गडी करा. मी वाढनार न्हाई, खानार."

फासा मात्र तात्यांना पसंत पडेना. "ह्याच्यावर एक जितक्यांदा पडनार तितक्यांदाच दहा?"

"हो," सर म्हणाले. "सगळी तोंडं सारखी."

"मग मुरलेला नावाडी वीस खेपांत एकदा नाव बुडवनार? कोन बसंल त्याच्या नावंत?"

काकू आत गेल्या आणि माहेरहून आणलेला कवड्यांचा बटवा घेऊन आल्या. सहा कवड्या. उताणी पडली तर धरायची, पालथी पडली तर सोडायची. सरांनी पाटीवर आकडे मांडून दाखवले. सहा कवड्या टाकल्या तर तीन उताण्या सगळ्यांत जास्त वेळा पडणार. सहाच्या सहा उताण्या किंवा एकही नाही, असं चौसष्टांत एकेकदाच. "म्हणजे रोजचं काम रोजच्यासारखं होणार," ते म्हणाले, "आणि विपरीत क्वचित." तात्यांना हे फार आवडलं. ठरलं असं की सोप्या कामाला दोन उताण्या लागतील, साधारणाला तीन, अवघडाला चार. ज्याचा ज्या कामात हातखंडा, त्यानं एक जास्त धरायची.

"अन् हे 'आता काय करता' म्हंजे तुमचं धृपद झालं की," तात्या म्हणाले. "चरन म्हनायचं अन् फिरून धृपदावर यायचं. हे आमी चाळीस वर्षं करतोय."

झेरॉक्समध्ये एक गोष्ट होती. सांगणाऱ्यानं काही दानं पुठ्ठ्याच्या आड टाकावीत, खेळणाऱ्यांना दिसू नयेत. पुठ्ठ्याऐवजी काकूंचं सूप उभं केलं. कुणाच्या जिवावरचा प्रसंग आला तर ते दान तात्या सुपाआड टाकणार, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

काय दुपारी होत्या त्या! आता त्या ओसरीवर स्लॅब पडलाय, तेव्हा पत्रा होता, आणि पत्रा तापला की तडतड वाजायचा. काकू शेंगा फोडता फोडता डाकूंची डोकी फोडायच्या. सर दर दुपारी म्हणायचे, आज अर्धाच तास, नि सायकलची सावली कुंपणाला टेकेपर्यंत बसायचे. त्यांच्या घरी पोथी-कीर्तन नव्हतं. त्यांची आई पौर्णिमेला विहारात जायची आणि सर तिथंही हिशेबानंच जायचे. पण तात्या ओढ्याकाठचा मुक्काम सांगायला लागले की त्यांची पेन्सिल थांबायची. एकदा वाटेत साप आडवा आला. मी सांगितलं, साळुंक्यांना विचारते, हा रस्ता सोडून जाईल का. कवड्या टाकल्या, पाच उताण्या! तात्यांनी साळुंक्यांचं असं काही भांडण उभं केलं की कुंपणावरच्या खऱ्या साळुंक्या उडून गेल्या. त्यांचा आवाज रोज थोडा थोडा मोठा होत होता. काकू ते ऐकायच्या, पण काही बोलायच्या नाहीत. मोडेल अशी भीती असावी.

पण बाराव्या-तेराव्या दिवसापासून खेळ बेचव लागायला लागला. का ते कुणाला सांगता येईना. डाकू आले, आम्ही वाचलो. दरड कोसळली, वाचलो. विषारी फळं खाल्ली (काळूनं, अर्थातच), तरी वाचलो. अमृत तर न विचारताच पुढं पुढं धावायला लागला. "काही होत नाही," म्हणायचा.

एके दुपारी सरांनी वही काढली. "तात्या, रागावू नका. सुपाआडची एकेचाळीस दानं झाली. एकदाही तीनच्या खाली नाही."

"मग? नशीब चांगलं तुमचं."

"हिशेबानं चौदा तरी फसायला हवी होती."

"सर, तुमचा हिशेब शाळेत. वरचा हिशेब येगळा असतो."

"वरचं मला माहीत नाही. पण कवडी मी तीनशे वेळा टाकून पाहिलीय घरी."

तात्या हसले आणि कोसळलेली दरड ओलांडायचं अमृतचं दान सुपाआड टाकलं. "चार पडल्या! अमृत पलीकडं."

लंकाकाकूंनी हात लांब केला आणि पाखडायला घ्यावं तसं सूप उचललं.

खाली एक कवडी उताणी होती. बाकीच्या पाच पालथ्या.

पत्रा तेवढा तडतडत राहिला. काकू म्हणाल्या, "तीस वर्षं काट्यावर बसलात. सभापतीची गाडी आली तरी काटा हलला न्हाई तुमचा. अन् हितं, चार पोरांत?"

"लंका, खेळ हाय."

"म्हनूनच म्हंते. कवड्या काय सांगतात ते सांगायचंच नसंल, तर टाकायच्या कशाला? उगा खुळखुळा?"

तात्या कवड्यांकडं बघत बसले. मग अगदी हळू म्हणाले, "मला न्हाई सांगता येत. कुनी मेलेलं न्हाई सांगता येत मला आता. पूर्वी तोंडात देव धावायचा. आता तोही धावत न्हाई, अन् न धावलेला बी सांगता येत न्हाई. मग मी आपला मधीच काठी घालतो."

ते उठून आत गेले. भिंतीकडं तोंड करून झोपले, पहिल्यासारखे. आम्ही तिघं एकमेकांकडं न बघता घरी गेलो. मला वाटलं, आम्ही त्यांना उठवलं आणि आम्हीच परत झोपवलं. त्या संध्याकाळी सर माझ्या वडिलांकडं येऊन बसले होते, दोनदा म्हणाले, "मी वही आणायलाच नको होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांनीच निरोप पाठवला. आम्ही गेलो तेव्हा ते ओसरीवर बसलेले होते. सूप काकूंच्या पुढं सरकवून म्हणाले, "हे आत ठेव. शेंगा पाखडायला लागतंय." कवड्या मधोमध उघड्यावर ठेवल्या.

त्या दिवशी नदी होती. वरच्या अंगाला कुठंतरी पाऊस झाला होता, आणि तीन वर्षं कोरडं पडलेलं पात्र अचानक भरून आलेलं. पलीकडच्या चढावर वाडीची घरं दिसत होती. काळूनं अलीकडच्या बाभळीला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक घेऊन आधी अमृत, आणि मग दोराला धरून एकेक जण, डोक्याखांद्यावर बियाणं घेऊन. अमृतचं दान पडलं, पार. माझं पडलं, बरोबर तीन, पार. सरांच्या तर पाच पडल्या. राहिला काळू. त्याचा दोर धरायला अलीकडं कुणीच नव्हतं. त्यानं तो बाभळीचा सोडायचा, कमरेला बांधायचा, आणि आम्ही पलीकडून ओढायचं.

तात्यांनी काकूंकडं बघितलं. "तीन लागतील."

"ताकदीची एक माझी जास्तीची हाय."

"हाय."

काकूंनी कवड्या दोन्ही हातांत घेतल्या, कपाळाला लावल्या आणि टाकल्या.

एक उताणी.

अमृत म्हणाला, "मावशी, परत टाक. हात लागला माझा."

"गप ए."

तात्यांची नजर कवडीवरून हलेना. त्यांचे ओठ हलले. "काठाला एक फांदी..." असं काहीतरी म्हणायला लागले होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "पडल्या किती?"

"एक."

"माझी धरून?"

"दोन."

"लागत हुत्या किती?"

"तीन."

"मग सांगा."

तात्यांनी डोळे मिटले. मग ते सांगायला लागले, आधी बोलल्यासारखं, साधं. काळूनं बाभळीची गाठ सोडली. दोर कमरेला घेतला. पाणी गुडघ्याला, पाणी मांडीला. जन्मात त्यानं दुसऱ्याचं आणलं होतं, दुसऱ्याला नेऊन दिलं नव्हतं, आणि आज खांद्यावर पायलीभर दाणा होता, त्यातला एक त्यानं तोंडात टाकला नव्हता. पाणी छातीला. मधल्या धारेत पायाखालचा धोंडा सरकला. काठावरच्या तिघांनी जीव खाऊन दोर ओढला. दोर येत गेला.

"दोर येत गेला," तात्या म्हणाले, "अन् हाताला हलका लागला."

सरांनी चष्मा काढला.

तात्या थांबले नाहीत. आम्हाला विचारलं, आता काय करता? सर म्हणाले, काठाकाठानं शोधतो. मी म्हणाले, टिटवीला विचारते. त्यांनी आम्हाला काळू सापडवून दिला, खालच्या डोहाशी, आणि खांद्यावरची गाठोडी तशीच होती. त्याला अग्नी दिला. भिजलेली ज्वारी वाडीतल्या बायकांनी तासाभरात पेरली, कारण भिजलेला दाणा ठेवता येत नाही. पेरताना त्या काय म्हणाल्या, ते तात्यांनी गाऊन सांगितलं. कुठल्या गाथेतलं नव्हतं ते, तिथंच सुचलेलं. रस्त्यानं जाणारी दोन माणसं कुंपणाशी उभी राहिली होती. त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

संपल्यावर काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "गेला बिचारा," त्या म्हणाल्या. "खाल्लं मातुर लई." आम्ही रडता रडता हसलो. तात्याही हसले.

मग काकू म्हणाल्या, "आसारामभाऊजींचं असं कधी सांगितलं न्हाई तुमी."

"काय सांगू? मी तिथं न्हवतो, लंका."

"काळूजवळ तरी कुटं हुता?"

तात्या एकेक कवडी उचलून बटव्यात भरत राहिले. पण दोन दिवसांनी देवळात निरोप गेला की येत्या एकादशीला रंभाजी महाराज उभे राहतील.

दुपारचं कीर्तन होतं. देवळाच्या मांडवात माणूस मावत नव्हता. सर कीर्तनाला येत नसत, त्या दिवशी मागं खांबाला टेकून उभे होते. मृदंगावर राहात्याचा एक परका वादक होता. अभंग झाला, विवरण झालं, आणि चरित्राची वेळ आली तशी सगळी सरसावून बसली, आता देव धावणार. तात्यांनी उपरणं कमरेला खोचलं.

"आज मी आमच्या आसारामचं चरित्र सांगनार हाय," ते म्हणाले.

त्यांनी सुरुवात त्या सकाळपासून केली. पाटाचं पाणी, वाफे, आसारामभाऊंचा चिखलातला पाय, आणि बोटं, जी पाण्यात असतानाही मांडीवर ठेका धरायची. "मग आसारामनं पाय धुतले," तात्या सांगत होते, "सायकल काढली, अन् निघाला."

बायकांच्या बाजूनं आवाज आला. "सायकल न्हवती, महाराज."

आसारामभाऊंच्या बायकोनं, बनुबाईनं, पदर सावरत मान वर केली होती. दोन वर्षं तात्या तिच्या दारावरून जायचं टाळत होते, हे गावाला ठाऊक होतं. कीर्तनात बुवाला मध्येच कुणी बोलत नाही. टाळकऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. माझ्या शेजारच्या म्हातारीनं तिला चिमटा काढला, तरी ती थांबली नाही.

"सायकल माझ्या भावानं नेल्ती. ते चालत निघाले. उशीर हुईल म्हनून शेतातनं आडवे गेले. जाताना म्हनले, रंभाजीचा पहिला अभंग हुकंल, चरित्राला मी पोचतो."

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. विणेकऱ्याकडं पाहिलं. मग टाळ छातीशी धरून त्यांनी मान लववली.

"चालत," ते म्हणाले. "बनुबाई, आजून सांगा. शेतात तवा काय हुतं?"

"हरभरा हुता," बनुबाई म्हणाली.

"हरभरा हुता," तात्यांनी सगळ्या मांडवाला सांगितलं, आणि मृदंगवाल्याला बोटानं खूण केली, हळू.